गाडीची पत्रिका

मराठी मध्यमवर्गीय घरात पत्रिका पाहिल्याशिवाय दोघींना प्रवेश मिळत नाही. एक सून आणि दुसरी मोटार. सुनेची पत्रिका जोशीबुवा मांडतात. मोटारीची दरमहा गुळगुळीत कागदावर छापून येते. तीत तीन-चार गाड्या एका ओळीत उभ्या करतात. मग इंजिन, ब्रेक, डिकी, पेट्रोल, मागच्या बाकावर पाय पसरायची सोय अशी घरे आखतात, घराघरांत गुण भरतात, बेरीज मारतात आणि एका गाडीच्या गळ्यात माळ घालतात. याला तुलनात्मक चाचणी म्हणतात. गुण छत्तीस नसतात एवढेच. बाकी शास्त्र तेच.

ही मासिके मी गेली पंचवीस वर्षे वाचतो आहे. त्यांतली पहिली बरीच वर्षे माझ्या बुडाखाली वडिलांची लूना होती. यात विसंगती काही नाही. पाकशास्त्राची पुस्तके उपाशी माणूसच मन लावून वाचतो. शिवाय मी बँकेत कारकून असून वाहनकर्जाच्या टेबलावर बसतो, आणि शेकडो गाड्या मी स्वतः, कागदावर का होईना, रस्त्यावर आणल्या आहेत. तेव्हा मोटार घेणाऱ्याला या चाचण्यांचा काही उपयोग होतो का, हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने तपासण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो. इतिहासाचार्य राजवाड्यांनी हा विषय घेतला नाही. मग तो एका बी.कॉम. माणसाच्या वाट्याला आला.

आमच्या जिल्ह्याला आता कागदावर मी अहिल्यानगर लिहितो, एस.टी.चा कंडक्टर अजून ‘नगर, नगर’ असेच ओरडतो. या जिल्ह्यात तुलनात्मक चाचणी मासिकाच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. श्रीगोंदा तालुक्यात काष्टीचा बैलबाजार भरतो. तिथे जाऊन पाहा. बैलाचा जबडा उघडून दात मोजतात, कारण बैलाचा जन्मदाखला त्याच्या तोंडातच असतो. खूर पाहतात, खांद्यावर जुवाचा घट्टा कसा पडला आहे ते पाहतात, पाठीवरून हात फिरवून कातडी थरथरते का ते पाहतात. मग चालवून पाहतात. चार बैल असे पाहून पाचव्यापाशी थांबतात, म्हणजे तुलनाही झाली. शेवटी हातावर उपरणे टाकून त्याखाली बोटाबोटांनी भाव ठरतो आणि तो तिसऱ्याला कळत नाही.

या व्यवहारात दलाल नावाचा एक सद्गृहस्थ असतो. तो घेणाऱ्याचा हितचिंतक असतो आणि विकणाऱ्याचाही. दोघांचे हित चिंतून झाले की दोघांकडून पैसे घेतो. या गृहस्थाला वाचकांनी जरा ध्यानात ठेवावे. पुढे तो सूटबूट घालून पुन्हा येणार आहे.

मोटारीची छापील पत्रिका मांडली ती इंग्रजांनी. ‘ऑटोकार’ या त्यांच्या साप्ताहिकाने १९२८ साली ऑस्टिन सेव्हन ही गाडी पळवून, थांबवून, मोजून तिचे आकडे छापले. पण एकाच स्थळाची चौकशी म्हणजे काही तुलना नव्हे. १९३६ साली अमेरिकेत कन्झ्युमर्स युनियन ही ग्राहकांची संस्था निघाली आणि तिने कडक सोवळे पाळायला सुरुवात केली. कुणाची जाहिरात घ्यायची नाही, आणि तपासायची वस्तू चारचौघांसारखी दुकानातून, पैसे मोजून आणायची. इंग्लंडात १९५७ साली ‘व्हिच?’ निघाले. त्या नावाचा अर्थच ‘कोणते?’ असा. आमच्या घरी भाजीपासून शाळेपर्यंत रोज हाच अंक निघतो, पण ते असो. ‘व्हिच?’चे व्रतही तेच.

असले सोवळे सगळ्यांना झेपत नाही. मोटारींच्या बहुतेक मासिकांत चाचणीची गाडी कंपनीच धाडते, आणि मागच्या पानावर जाहिरातही तीच कंपनी देते. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असे आपल्याकडे म्हणतात. ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकन मासिकाने मार्च १९६४ च्या अंकात फेरारी जी.टी.ओ. आणि पॉन्टिॲक जी.टी.ओ. अशा एकाच नावाच्या दोन गाड्यांची झुंज लावली. एक इटलीची राजकन्या, दुसरी अमेरिकेतल्या कारखानदाराची लेक. दोघी मुखपृष्ठावरच्या चित्रात अगदी हातघाईवर आल्या होत्या. चित्रातच, कारण फेरारी त्या चाचणीला आलीच नव्हती. आणि पॉन्टिॲक एवढी कशी पळाली याचा उलगडा कंपनीच्या जाहिरातीचे काम पाहणारे जिम वँगर्स यांनी कित्येक वर्षांनी आपल्या आठवणींत केला. मासिकाला दिलेल्या गाडीत बाजारातल्या गाडीचे इंजिन नव्हतेच. त्याहून मोठे बसवून पाठवले होते! काष्टीचा दलाल फार तर शिंगांना तेल लावून बैल उभा करतो. आतला बैल बदलण्याची कला त्याला अवगत नाही.

इकडे त्या काळात आपल्याला असल्या फसवणुकीची भीती नव्हती. फसायलाही निवड लागते. ॲम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेराल्ड अशी तीन स्थळे, आणि तिन्हींचा तोरा असा, की मुलाकडच्यांनीच कांदेपोह्यांची बशी घेऊन उभे राहावे. नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. नंबर लागेपर्यंत घरातल्या मुलांच्या मुंजी उरकून जात. गाडी आली की तिचे दार पहिल्या फटक्यात लागते का, एवढीच काय ती चाचणी. ॲम्बॅसेडर १९५७ साली आली आणि २०१४ मध्ये बंद पडली. मधल्या काळात तिची तुलना तिच्याच जुन्या मॉडेलशी केली तरी फरक सापडायला भिंग लागे.

१९८३ साली मारुतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा तर कमाल झाली. दहा-दहा हजार रुपये भरून लाखाच्या वर लोकांनी अशी गाडी मागितली, जी त्यांनी चालवून पाहिलेली नव्हती. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हातून दिल्लीच्या हरपाल सिंगांना पहिली किल्ली मिळाली. त्यांचे नाव सोडतीत निघाले होते. माणसाने गाडी निवडायची असते असे आपण समजतो. इथे गाडीने माणूस निवडला. आमच्या नगरला त्याचे वैषम्य नव्हते. १९७२ साली अवतरलेली लूना इथल्याच कारखान्यातून बाहेर पडत होती, आणि तिला पायडल असल्यामुळे पेट्रोल संपले तरी मालकाचा स्वाभिमान शाबूत राही.

मग १९९३ साली मोटारधंद्यावरचा सरकारी परवाना उठला आणि परदेशी पाहुणे एकेक करून येऊ लागले. १९९८ साल उजाडले ते लग्नसराई घेऊनच. सँट्रो आली, मॅटिझ आली, आणि वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरला, टाटांची इंडिका आली. त्याच वर्षी ‘ओव्हरड्राइव्ह’ मासिक निघाले. १९९९ मध्ये ‘ऑटोकार इंडिया’. मी तेव्हा नगरला कॉमर्स कॉलेजात होतो. माळीवाडा स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाळ्यापाशी उभ्या उभ्या मी या सगळ्या तुलना वाचून काढल्या. गाळेवाला तीन पानांपर्यंत बोलत नसे. चौथ्या पानाला तो फडक्याने माझ्याच समोरची धूळ झटकू लागे. त्यामुळे निकाल मला बहुधा पुढच्या खेपेला कळे.

मॅटिझचे कौतुक मी तेव्हा पुष्कळ वाचले. ज्युजारो नावाच्या इटालियन कलावंताने तिचे रूप घडवलेले. रूप, चाल, वळण, सगळ्या घरांत भरभरून गुण. आणि २००० साली तिची कोरियातली देवू कंपनीच दिवाळखोरीत निघाली. भारतातले दुकानही पुढे मिटले. मुलीची पत्रिका उत्तम होती, माहेरच बुडाले! त्याच मॅटिझचा पुढचा अवतार २००७ मध्ये शेवरोले स्पार्क म्हणून इथे पुन्हा बोहल्यावर उभा राहिला, आणि २०१७ मध्ये त्याही कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले. त्या तक्त्यांत डिकीची लांबी-रुंदी होती, शून्यापासून शंभरचा वेग किती सेकंदांत येतो ते होते, पण दहा वर्षांनी सायलेन्सर कुठे मिळेल याचे घर नव्हते. जामखेडच्या माणसाला नेमके तेच घर पाहायचे असते. शून्यापासून शंभर गाठायला त्याला सेकंद नव्हे, आधी तसा रस्ता लागतो.

माझ्या टेबलासमोर बसणारे लोक म्हणून मासिकावर भरवसा ठेवतच नाहीत. गाडी ठरते ती मेव्हण्याच्या सांगण्यावरून, नाहीतर गल्लीतल्या मिस्तरीच्या. मासिक पिशवीत असते, नाही असे नाही. पण तारीख पाहिली तर ते गाडीचे कोटेशन आणल्यानंतर घेतलेले. प्रेमविवाह पक्का झाल्यावर आईच्या समाधानासाठी पत्रिका जुळवावी, तसे. आणि जुळली नाही तर? ज्योतिषी बदलतात. दुसरे मासिक घेतात.

प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच. “साहेब, ही देती किती?” गाडी घ्यायला आला आहे की घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला, असा मला भ्रम होतो. जाहिरातीतला जो आकडा पाहून माणूस हुरळतो, तो प्रयोगशाळेतला. तिथे गाडीची चाके रुळांवर ठेवून फिरवतात, एसी बंद ठेवतात, ठरलेल्या बेताने वेग वाढवतात-कमी करतात. गाडी एवढे किलोमीटर धावते आणि जागची इंचभर हलत नाही. आमच्या बँकेत कित्येक फायली याच पद्धतीने धावतात, म्हणून मला त्या आकड्याबद्दल आपुलकी आहे. पण विश्वास नाही. इथे मासिकवाल्यांचे उपकार मानायला हवेत. ते गाडी खरोखरच्या रस्त्यावर नेऊन, टाकी भरून, मोजून सांगतात, आणि तो आकडा नेहमी कंपनीला राग येईल इतका कमी असतो.

एक गंमत सांगायची राहिली. ज्या गावात हे सगळे चालले आहे, ते गाव मुळात गाड्या तपासण्यासाठीच देशात ओळखले जाते. नगरच्या वाहननगरात व्ही.आर.डी.ई. ही संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आहे. तिचे मूळ घराणे फाळणीपूर्वी रावळपिंडीजवळच्या चकलाल्याला होते; फाळणीनंतर ते निर्वासितांसारखेच सामान बांधून नगरला आले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम सांगतो, की नवी गाडी विकण्याआधी तिचा नमुना ठरावीक संस्थांपैकी एकीकडून तपासून घ्यावा. त्या यादीत पुण्याची ए.आर.ए.आय. आहे आणि आमची व्ही.आर.डी.ई.ही आहे. तिथे उभे चढ आहेत आणि मुद्दाम खडबडीत बांधलेले रस्तेही आहेत. मुद्दाम! ज्या गावातून मनमाडचा रस्ता निघतो, त्या गावात सरकारने खर्च करून खडबडीत रस्ता बांधावा, याला काय म्हणावे?

गल्लीत अशा खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. गाडी घेणारा प्रत्येक जण त्यांच्याकडे चक्कर मारतो. काकांचे उत्तर ठरलेले. “पास झाली म्हणूनच रस्त्यावर आहे ना ती?” सरकारी चाचणीचे सारे तत्त्व त्यात आले. ती पास-नापास सांगते, वर्गात पहिला कोण ते सांगत नाही.

लष्कराने तुलना केली तरी फार वेगळे घडत नाही. जिप्सीच्या जागी नवी गाडी हवी म्हणून सफारी स्टॉर्म आणि स्कॉर्पिओ या दोघींना लष्कराने वर्षानुवर्षे पिदडून पाहिले. दोघीही तांत्रिक चाचणीत उतरल्या. मग पाकिटे उघडली. टाटांचा भाव कमी निघाला आणि २०१७ मध्ये ३,१९२ गाड्यांचा करार त्यांच्याशी झाला. आमच्या शाखेत पंख्यासाठी तीन कोटेशने मागवतात तेव्हा अगदी हाच निकाल लागतो. फक्त आम्ही पंखा वाळवंटात नेऊन पाहत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हा माणूस मासिकांवर उठला आहे. तसे नाही. एकदा एका मासिकाने पुष्कळांचे प्राण वाचवले असतील. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘टेक्निकेन्स वार्ल्ड’ या स्वीडिश मासिकाने मर्सिडीजची नवी कोरी ए-क्लास गाडी घेतली आणि स्वीडनमध्ये जे नेहमी घडते ते करून पाहिले. तिकडे रस्त्यावर मूस नावाचे सांबरासारखे, पण घोड्याहून थोराड जनावर अवचित येऊन उभे राहते. ते चुकवायला गाडी झटकन एका बाजूला आणि लगेच परत वळवावी लागते. ए-क्लास वळली आणि उलटली. मर्सिडीज! कंपनीने आधी कुरकुर केली, मग काही काळ गाड्या देणे थांबवले आणि प्रत्येक ए-क्लासला घसरण सावरणारी विजेची यंत्रणा बसवून दिली. मेव्हणा असो, मिस्तरी असो नाहीतर काष्टीचा दलाल, हे काम त्यांच्या आवाक्यातले नव्हते.

आमच्याकडे मूस नाही. आमच्याकडे ऊस आहे. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला निघाला, त्या जिल्ह्यात गळिताचा हंगाम लागला की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चालतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. मागे दिवा असेलच असे नाही. असलाच तर तो उसाच्या वाढ्याखाली झाकलेला. समोरच्याचा प्रखर दिवा डोळ्यांवर येतो आणि तो गेला की पुढ्यात पंधरा हातांवर अंधारातून एक काळा ढीग उभा राहतो. सौ.चे माहेर कोपरगावचे. दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही त्या रस्त्याने किती वेळा जातो ते मी मोजत नाही. ती मोजते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मोटार घ्यायचे ठरवले तेव्हा पंचवीस वर्षांच्या व्यासंगानिशी मी तीन गाड्यांचा तक्ता वहीवर मांडला. सौ.ने तो शांतपणे वाचला आणि विचारले, “अहो, ट्रॉलीवर आदळली तर आतली माणसं राहतात का, ते कुठल्या रकान्यात आहे?”

तो रकाना इतकी वर्षे मासिकांत नसायचाच. कारण उघड आहे. चाचणीची गाडी उसनी आणलेली असते, ती संध्याकाळी परत करायची असते. भिंतीवर आपटून ती परत कशी करणार? हे काम कन्झ्युमर्स युनियनवाल्यांच्या सोवळ्याचे, म्हणजे स्वतःच्या पैशाने गाडी विकत घेऊन तिचा चेंदामेंदा करणाऱ्याचे. ते ग्लोबल एन-कॅप या संस्थेने केले. जानेवारी २०१४ मध्ये तिने आपल्याकडच्या पाच लाडक्या गाड्यांचे निकाल लावले: अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो. ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपटलेल्या. एअरबॅग नसलेली स्वस्तातली मॉडेले. मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचांपैकी किती तारे मिळाले? पाचही जणींना शून्य. पत्रिकेत कडक मंगळ, आणि आम्ही इतकी वर्षे डिकीचे गुण जुळवत होतो! काकांच्या हिशेबाने या पाचही गाड्या पास होत्या, आणि ते खोटे नव्हते. आपटून पाहण्याची अट तेव्हा आपल्या नियमांत नव्हतीच.

त्यानंतर मात्र चाके फिरली. फोक्सवॅगनने पोलोला एअरबॅगा सक्तीच्या केल्या. १ जुलै २०१९ पासून चालकापुढची एअरबॅग कायद्याने आली. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलांत शेजारच्या माणसाचाही जीव मोलाचा ठरला. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी झाली, आणि ज्या ताऱ्यांना कंपन्या नाके मुरडत होत्या ते जाहिरातीत झळकू लागले. २०२३ मध्ये सरकारने स्वतःचे भारत एन-कॅप सुरू केले. त्याची सक्ती नाही, पण निकाल कुणालाही फुकट पाहता येतो. त्यासाठी स्टँडवर उभे राहून गाळेवाल्याची धूळ खावी लागत नाही.

आम्ही गाडी घेतली ती सौ.च्या रकान्यावरून. डिकी लहान आहे. कोपरगावहून येताना सासूबाईंनी दिलेले गव्हाचे पोते माझ्या मांडीवर असते, कारण गाडी सौ. चालवते.

तेव्हापासून टेबलावर एक नवे काम मी अंगावर घेतले आहे. वाहनकर्जाच्या अर्जात गाडीची किंमत, मॉडेल, चासी नंबर, इतकेच काय रंगाचाही रकाना आहे, ताऱ्यांचा नाही. म्हणून अर्ज घेताना मी अर्जदाराला त्याच्या गाडीचे तारे विचारतो. त्याला ठाऊक नसतात. मग मी सांगतो आणि अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तेवढे तारे काढून ठेवतो. दोघातिघांनी घरी जाऊन गाडी बदलून आणली, तेव्हा कोटेशन बदलावे लागले म्हणून मॅनेजरसाहेब थोडे नाराज झाले. पण खरा घोळ परवा झाला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावले. समोर राहुरीच्या एका शिक्षकाचा अर्ज होता. पगार चांगला, कागद चोख, एकही हप्ता कधी थकलेला नाही.

“माणूस तर मला सरळ वाटतो हो,” साहेब कोपऱ्यावर बोट ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, “पण तुम्ही दोनच तारे दिलेत. आणखी एक जामीनदार घेऊन ठेवू का?”